वजनदार स्वर

अमेरिकेतील अ‍ॅम्पेग कंपनीने 1969 साली आणलेला एसव्हीटी हा बेस गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, ज्याच्या उदरात 14 व्हॉल्व्ह 300 वॅटच्या तेजाने धगधगत आणि ज्याचे सुमारे 40 किलोंचे धूड मंचावर चढविण्यास दोन धट्टेकट्टे इसम दिमतीस लागत, त्याच्या स्वरगांभीर्याची थोरवी वादकमंडळी अद्याप गातात. हल्लीचे क्लास-डी जातीचे 500 वॅटचे यंत्र तीन किलोंच्या आत भरते; ते एका हाताने उचलता येते, हाच त्याच्यावरील मुख्य आरोप. शक्ती दुप्पट केली तरी आवाजात अवघ्या 3 डेसिबलची भर पडते, ही बाब विक्रेते सहसा कानावर घालीत नाहीत. आमचा निवाडा विचाराल तर, वादकाचे डोळे बांधून दोन्ही ऐकवावीत आणि तरीही जो जुन्याचीच निवड करील, त्यानेच ते जिन्यावरून वर न्यावे.