खिडकीतून दाखवायचं घर

बावधनला एका मित्राच्या वास्तुशांतीला गेलो होतो. सतरावा मजला. दारात चपलांचा ढीग, आत होमाचा धूर आणि त्या धुराने अलार्म केकाटू नये म्हणून छताच्या सेन्सरला बांधलेली प्लास्टिकची पिशवी. हातावरचं तीर्थ पोटात उतरायच्या आत मित्राने दंडाला धरून मला थेट बाल्कनीत नेलं. म्हणाला, "इथून बघ."

बघितलं. समोर टेकडी, तिच्यामागे आणखी एक टेकडी, खाली चांदणी चौकातल्या पुलांची जिलबी. छानच होतं, खोटं कशाला बोला. मग त्याने वारा दाखवला. म्हणजे स्वतःचा हात बाहेर काढला आणि "लागतोय ना?" असं विचारलं. मग सूर्य कुठे मावळतो ते दाखवलं. मग शाळा, दवाखाना, मॉल आणि चितळ्यांचं दुकान कुठल्या दिशेला किती मिनिटांवर आहे ते बोट फिरवून सांगितलं. ही मिनिटं बिल्डरच्या माहितीपत्रकातली होती. ती पहाटे चारला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसताना मोजलेली असतात. दर्शन संपवून आम्ही जेवायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की घर बघायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून एक चाळा लागला आहे. घरमालक भेटला की विचारायचं, तुमच्या घरातलं तुम्हाला सगळ्यात काय आवडतं? उत्तरं ठरलेली. हवा खेळती आहे. उजेड भरपूर. शांत आहे हो एरिया. शेजार चांगला. सगळं हाकेच्या अंतरावर. समोर झाड आहे, सकाळी कोकिळा ओरडते. आजवर एकानेही 'आमची भिंत बघा' म्हटलेलं नाही, आणि ज्याचे पैसे मोजले त्यात मुख्य माल तोच होता.

करारनामा काढून बघा. त्यात वारा नाही, कोकिळा नाही, शेजारी नाहीत. त्यात चौरस फूट आहेत. पूर्वी तेही धड नव्हते. 'सुपर बिल्टअप' नावाच्या पुड्यात जिना, लिफ्ट आणि वॉचमनची केबिन घालून त्याचा भाव लावत. त्याला धंद्यात 'लोडिंग' म्हणायचे, ट्रकसारखं. मग २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं आणि कार्पेट एरियाची व्याख्या पक्की झाली. ती व्याख्या मी हौसेने वाचली. आतल्या पार्टिशनच्या भिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, उघडी गच्ची आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे मित्र मला ज्या जागी उभं करून त्याचं घर दाखवत होता, ती जागा कायद्याच्या हिशोबाने त्याच्या घराच्या क्षेत्रफळात नव्हतीच. दोन वर्षांत तो ती काच लावून बंद करील, आत वॉशिंग मशीन ठेवील आणि पाहुण्यांना बेडरूमच्या खिडकीतून टेकडी दाखवू लागेल.

टेकडीचंही बघा. १८८२ चा ईझमेंट कायदा सांगतो की एखाद्या इमारतीत उजेड आणि वारा वीस वर्षं बिनतक्रार, अखंड येत असेल, तर त्यावर हक्क सांगता येतो. देखाव्याचं नाव त्यात नाही. पुढच्या प्लॉटवर बावीस मजली उभी राहिली की मित्राचा सूर्य त्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीमागे मावळणार. पण मित्र निर्धास्त आहे. "टेकडीवर बीडीपीचं आरक्षण आहे, कुणाच्या बापाला बांधता येणार नाही!" हे सांगताना त्याची छाती फुगली होती. जैवविविधता उद्यानाच्या नावाखाली ज्यांची जमीन अडकून पडली आहे, ते लोक याच टेकडीकडे बघतात तेव्हा त्यांची छाती कशी होत असेल, हा विषय वास्तुशांतीत काढण्यासारखा नव्हता. दुसऱ्याच्या जमिनीवरचं आरक्षण हा पुण्यातल्या फ्लॅटधारकाचा सर्वांत लाडका कायदा आहे. स्वतःच्या प्लॉटचा विषय निघाला की त्याच तोंडातून एफएसआय बाहेर पडतो.

आता आमच्या घरचं सांगतो. नाहीतर म्हणाल, दुसऱ्याच्या प्रसादाचा शिरा खाऊन त्यालाच टोमणे मारतो.

आमची सोसायटी कोथरूडची. चौदा बिऱ्हाडं, तीन मजले, लिफ्ट नाही. शेजारी एक बंगला होता आणि बंगल्यात आंबा. तो आंबा आमच्या सोसायटीची शान. फ्लॅट विकायला काढला की फोटोत आधी तो यायचा, मग हॉल. बी-विंगच्या काकू बहिणीला फोनवर कोकिळा ऐकवायच्या. आणि दर वर्षी वार्षिक सभेत, अहवाल-वाचन आणि चहा यांच्यामध्ये, एक विषय हमखास निघायचा: शेजारच्या झाडाची पानं आपल्या गच्चीच्या पन्हाळीत अडकतात. पत्र गेलं. मग दुसरं पत्र गेलं. मग कोणीतरी डास काढले, कोणीतरी गाडीवर पडणारा चीक काढला, माकड येऊ शकतं असंही एकजण म्हणाले, कोथरूडला माकड. झाडाची फांदी तोडायची तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आम्ही ती अशा तन्मयतेने मिळवली की तेवढी तन्मयता सोसायटीच्या कन्व्हेयन्ससाठी दाखवली असती तर इमारतीखालची जमीन आज आमच्या नावावर असती. ती अजून बिल्डरच्या नावावर आहे. १९६३ चा मोफा कायदा सांगतो, बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी. तो देत नाही असं दिसल्यावर २००८ मध्ये 'मानीव अभिहस्तांतरण' आणलं. त्याचा अर्ज आमच्या सेक्रेटरींच्या कपाटात आहे. नाव उच्चारता येत नाही म्हणून पुढे सरकला नसावा.

तर आंबा छाटला. नंतर बंगलाच पाडला आणि तिथे आता सात मजले आहेत. आमच्या पन्हाळीत एक पान अडकत नाही. बी-विंगच्या काकूंनी मोबाईलच्या अलार्मला कोकिळेचा आवाज लावला आहे.

शेजारच्या दुकानांचीही तीच कथा. कोपऱ्यावर गिरणी होती, तिला लागून इस्त्रीवाला, त्याच्यापुढे हातगाडीवर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी आणि चौकात वडापाव. 'सगळं हाकेच्या अंतरावर' म्हणतात ते हे. हाक मारली की खरोखर यायचे. मावशी तर दोरीला बांधून सोडलेल्या पिशवीत कोथिंबीर टाकायच्या आणि पैसे महिन्याने घ्यायच्या. पण गिरणीचा आवाज होतो. इस्त्रीवाल्याचा कोळसा उडतो. वडापावपाशी 'कोणीही' उभं राहतं. मावशींच्या गाडीमुळे चौथ्या नंबरच्या काकांना कार वळवायला त्रास होतो, आणि कार काकांची असली तरी ती जिथे वळते तो रस्ता सगळ्यांचा आहे हे काकांना कोण सांगणार? फेरीवाल्यांसाठी २०१४ मध्ये केंद्राने कायदा केला, महापालिकेने त्यांना जागा ठरवून द्यावी म्हणून. आम्ही सगळे त्या कायद्याच्या बाजूचे आहोत. जागा फक्त पुढच्या गल्लीत ठरवावी.

आता हाक मारली तर येत नाही कोणी. ॲपवर बोट दाबलं की दहा मिनिटांत कोथिंबीर येते. आणणारा मुलगा गेटवर नाव, नंबर, सही, वेळ असं सगळं वहीत लिहून वर येतो आणि कोथिंबीर कोमेजते.

'शेजार चांगला आहे' या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. शेजारी अडीअडचणीला धावून येतो, असा तो अर्थ नव्हे. तो धावून आला तर आपण पीपहोलमधून बघतो आधी. अर्थ असा की शेजारी आपल्यासारखाच आहे: तेच आडनाव-वळण, तोच पगार, तोच मासळीचा वास न येणारा स्वयंपाक. फ्लॅट भाड्याने द्यायचा असला की हे वाक्य तपशिलात शिरतं. फॅमिली हवी, बॅचलर नकोत, मुली चालतील पण नऊनंतर मित्र नकोत, 'खाणारे' नकोत. खाणारे म्हणजे काय खाणारे, ते सांगायची गरज पडत नाही. मग जो सभ्य, शाकाहारी, नवाच्या आत झोपणारा भाडेकरू सापडतो, त्याला आम्ही गणपतीची वर्गणी मागतो आणि सभेला बोलावत नाही. त्याच्या मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेतो. सरकारने २००१ मध्येच सांगितलं आहे की ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. म्हणून ते दहा टक्क्यांहून एक पैसाही कमी कुठे नसतात. वर्षानुवर्षं राहणारा भाडेकरू 'ते तिसऱ्या मजल्यावरचे रेंटवाले' असतो. आणि अमेरिकेत बसून त्याचं भाडं घेणारा, जिन्यातला दिवा कुठे आहे हे विसरलेला मालक हा आमचा सन्माननीय सभासद.

मालकी म्हणजे नेमकं काय आवडतं, हे पुणेकराला एकदाच खरंखुरं बोलताना मी ऐकलं आहे. स्वतः राहतो त्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत, हा १९७० पासूनचा पुण्याचा मान. मधली काही वर्षं ती सवलत गेली. बिलं फुगून आली तेव्हा आमच्या जिन्यात जे ऐकू आलं, ते आंबा छाटताना कोणी काढलं नव्हतं. २०२३ मध्ये ती परत मिळाली. पण स्वतःच्या घरात स्वतः राहतो हे सिद्ध करायला पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा होता. चौदा बिऱ्हाडांत जो उत्साह संचारला, तो गणपतीतही दिसत नाही. कन्व्हेयन्सवाले सेक्रेटरी स्वतः दारोदार झेरॉक्स गोळा करत फिरले.

आणि भाव. हा विषय कोणी 'आवडतं' म्हणून सांगत नाही, पण बोलणं कुठूनही सुरू झालं तरी तिथे येतं. "आता काय रेट चाललाय तुमच्याकडे?" हे आमच्याकडे 'काय, बरे आहात ना?' याच्या जागी विचारतात. मेट्रो झाली, भाव वाढला. पूल झाला, भाव वाढला. शेजारचा बंगला पडला, भाव वाढला. विकायचं कोणालाच नाही. विकलं तर जाणार कुठे, तिथेही भाव वाढलेलाच. तरी रात्री दिवा मालवण्याआधी माणूस मनातल्या मनात चौरस फूट गुणिले रेट करतो आणि शांत झोपतो. त्याची मुलं ते बेंगळुरूत बसून करतात.

तर वास्तुशांतीकडे परत येऊ. जेवणं झाली. जिलबी पुलाइतकी गुंतागुंतीची नव्हती, चांगली होती. मित्राची आई आतल्या खोलीत बसली होती. वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तिने अर्धा जन्म काढला. मजल्यावर वीस खोल्या, मोरी खोलीत, संडास सगळ्यांना मिळून. खोली तिने केव्हाच सोडली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या ५५६ बिऱ्हाडांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा जुन्या शेजारणीने तिला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. ते सांगत होती.

मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. "काकू, तुम्हाला या घरातलं काय आवडलं?"

"संडास," काकू म्हणाल्या.

मित्राचा चेहरा पडला. वहिनी पानाचं तबक घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"तीन आहेत," काकूंनी मला तीन बोटं दाखवली. "तीन! आणि तिन्हींना आतून कडी. बाहेर कोणी बादली वाजवत नाही. तिच्या नव्या घरातही आतच आहे, दाखवलं ना मला तिने फोनवर. किती वेळ बसा. ये, बघून घे."

त्या उठायला लागल्या. त्यांच्या गुडघ्यांना वेळ लागतो. तेवढ्यात मित्राने पुन्हा माझा दंड धरला.

"अरे, ते राहू दे. सूर्य मावळतोय, चल लवकर."