निकाली पन्नास मीटर

पोहता येतं का, हा प्रश्न कोल्हापुरात फक्त पाहुण्याला विचारतात. इथल्या माणसाला ते येतंच, आणि तो ते कसा शिकला याची कथाही ठरलेली असते. मामानं मळ्यातल्या विहिरीत ढकललं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि वर आला तो पोहतच. पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकलेला गडी त्या मानानं जरा सौम्य समजला जातो. शिक्षण तिथंच संपतं. पुढं लायकी ठरते ती मुटका किती उंचावरून मारता, सूर मारल्यावर किती लांब निघता आणि पल्याडच्या काठाला हात लावून येता की नाही यावर. पुराच्या दिवसांत शिवाजी पुलावरून उड्या टाकणारेही असतात आणि त्यांच्यासाठी शिट्ट्या फुंकणारे पोलीसही. पण पल्याड जायला किती सेकंद लागले, हे आजवर घाटावर कुणी कुणाला विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

त्यामुळं पन्नाशी उलटल्यावर ‘मला पोहण्याचा वेग वाढवायचाय’ असं मी घरी जाहीर केलं, तेव्हा बायकोनं पोळी उलटता उलटता विचारलं, “पलीकडं भिंतच आहे ना?”

“हो.”

“मग एवढी घाई कशाची?”

या प्रश्नाला उत्तर नाही. जलतरणाच्या सगळ्या इतिहासात नाही. माणसं शतकानुशतकं जीव तोडून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातायत आणि पोचल्यावर पाण्याकडं न बघता वरच्या फलकाकडं बघतायत. तरीही मी हट्ट सोडला नाही, कारण या गावाला वेगाचीही परंपरा आहे. वीरधवल खाडे इथलाच. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा त्याला सतरावं पूर्ण झालेलं नव्हतं. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य आणलं. भारताला त्या स्पर्धांत जलतरणाचं पदक मिळून २४ वर्षं झाली होती. सरकारनं खूश होऊन त्याला तहसीलदार केलं. देशातल्या सर्वांत वेगवान जलतरणपटूला महसूल खात्यात नेमणं हा विनोद मी केलेला नाही, तो शासनानं केलाय. मधली काही वर्षं सरावाचे वांधे झाले. तरी गडी परत पाण्यात उतरला, २०१८ ला जकार्तामध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांत भिंतीला टेकला, आणि चौथा आला. तिसऱ्या आलेल्या जपान्याची वेळ होती २२.४६.

सेकंदाचा शंभरावा भाग. त्या वेगात एवढ्या वेळात माणूस साधारण दोन सेंटिमीटर जातो. म्हणजे बोटाचं एक पेर, तेही करंगळीचं. रंकाळ्यावर भेळ खाताना आम्ही मित्रांनी या पेरावर जेवढी चर्चा केलीय तेवढी गावाच्या हद्दवाढीवरही केली नसेल. नखं वाढवायला हवी होती, हे एका मित्राचं मत अजून कायम आहे.

माझं स्वतःचं काम मात्र पेराचं नव्हतं, परसाचं होतं. पहिल्यांदा वेळ घेतली ती ५० मीटरला ५० सेकंद. मीटरमागं एक सेकंद, हिशेबाला फार सोपं. खाडे भिंतीला टेकून गॉगल काढत असेल तेव्हा मी अजून निम्म्यातही नसेन.

तलावावरची प्रशिक्षक माझ्या मुलीपेक्षा लहान. मी तिला मॅडम म्हणतो, ती मला काका म्हणते आणि मग मास्तरणीसारखी झापते. मी पन्नास मीटर जीव खाऊन मारून आलो. आजूबाजूला एवढं पाणी उडालं होतं की काठावरची चिल्लीपिल्ली मागं सरकली होती. मला वाटलं, पोरगी खूश होणार. तिनं थंडपणे दोन मांड्यांमध्ये धरायचा फोमचा ठोकळा, पुलबॉय, हातात दिला आणि सांगितलं, “आता पाय अजिबात न मारता या.” आलो. वेळ दोन सेकंदांनी कमी झाली.

“काका, पाय मारल्यामुळं तुम्ही हळू जाताय.”

याचा अर्थ नीट लावला तर असा होतो की ज्या पायांना मी आयुष्यभर बूट घेत आलो ते पाण्यात माझ्या विरुद्ध पक्षात होते. मोठेपणी वेगाच्या मागं लागणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं म्हणे. घोटे कडक, गुडघ्यातून सायकल मारल्यासारखी लाथ, पाय बुडालेले, आणि वरचे हात त्या बुडालेल्या पायांना ओढत नेतायत. त्या दिवशी मला आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवले. पेठ इस्लामपूरचा माणूस, लष्करातला बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं. १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत मारून सुवर्णपदक घेतलं. पायांची मदत शून्य. दोन धडधाकट पाय घेऊन मी त्यांच्या तेरा सेकंद मागं. हे गणित मी बायकोला सांगितलेलं नाही.

मग ताकद वाढवायची असं मी ठरवलं. कोल्हापुरात कुठल्याही अडचणीवर पहिला उपाय तोच असतो, आणि दुसराही. त्यावर पोरीनं मला पाण्याचा हिशेब समजावला. पाणी हवेच्या आठशेपट दाट. वेग दुप्पट करायला जावं तर अडथळा चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणजे ५० सेकंदांचे ४५ करायचे असतील तर अंगातून सुमारे ३७ टक्के जादा जोर काढावा लागणार. “पन्नाशीत तेवढा कुठून आणणार?” असं तिनं विचारलं. पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या वाढवून, असं मी म्हणणार होतो. तिचं म्हणणं, जोर आहे तेवढाच ठेवा, पाण्याला आडवं येणारं अंग कमी करा. डोकं वर काढून समोर बघू नका. डोकं उठलं की कंबर बुडते. तळाच्या रेघेकडं बघा. भिंतीला लाथ मारून निघताना दोन्ही हात कानांच्या मागं गच्च, तळवा तळव्यावर. हात आत गेला की कोपर वरच राहू द्या, पंजा आणि कोपरापर्यंतचा हात सरळ खाली वळवून पाणी मागं ढकला.

डोकं खाली घालणं हे इथं जमायला अवघड. कोपर उंच ठेवणं त्याहून अवघड, कारण त्यासाठी खांदा जेवढा सैल लागतो तेवढा माझा खांदा शाळेत हात वर करायचो तेव्हा असेल. श्वासाचाही प्रश्न होताच. अव्वल दर्जाचे पोहणारे पन्नास मीटरमध्ये एखादाच श्वास घेतात, कित्येक तर घेतच नाहीत. मी दर दुसऱ्या हाताला घ्यायचो, शिवाय मध्ये एक जादा, कोण बघतंय ते बघायला.

पण या सगळ्यापेक्षा जड गेली ती विश्रांती. वेगाचा सराव म्हणजे काय, तर १५ मीटर पूर्ण जीव तोडून जायचं आणि मग तीन मिनिटं काठावर बसायचं. पुन्हा १५ मीटर, पुन्हा बसायचं. स्नायूत तयार असलेली तातडीची शक्ती दहाएक सेकंदांत संपते आणि भरून यायला काही मिनिटं लागतात. ती भरायच्या आत निघालात तर तुम्ही वेगाचा नाही, दमण्याचा सराव करताय. शास्त्र म्हणून हे पटतं. पण कोल्हापुरात भर तलावावर, चड्डी घालून, तीन-तीन मिनिटं नुसतं बसून राहणारा पुरुष लोकांना बघवत नाही.

सर्वांत आधी बघवलं नाही ते वस्तादांना, तलावावर येणाऱ्या जुन्या पैलवानाला. गुडघ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलंय. उथळ बाजूला छातीवर हाताची घडी घालून ते इकडून तिकडं फेऱ्या घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ला देतात.

“बसलायसा का? दमलासा व्हय?”

“नाही, सराव चाललाय.”

“बसून?”

मी शास्त्र सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमी हजार-हजार जोर काढायचो. वस्ताद काठी घिऊन हुबा. बसला कोण तर पाठीत.” मग शेजारच्या माणसाकडं वळून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, “पेन्शनीचं पोहणं हाय ते.”

मी ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेव्हॉयचं उदाहरण काढलं. या गड्यानं पोहण्याचे किलोमीटर भरमसाट कमी केले, व्यायामशाळेतली ताकद आणि पूर्ण वेगाची छोटी अंतरं धरली, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तिसाव्या वर्षी २१.२५ सेकंदांत ५० मीटरचं सुवर्ण घेतलं. वस्तादांवर परिणाम शून्य. अँथनी एर्विन सांगितला, जो रिओमध्ये ३५ व्या वर्षी एका शंभरांश सेकंदानं जिंकला. डारा टोरेस सांगितली, जी बीजिंगमध्ये ४१ व्या वर्षी त्याच एका शंभरांशानं सुवर्ण हुकून रौप्यावर थांबली. बाईचं वय ऐकून ते क्षणभर फेरी घालायचे थांबले, एवढंच.

शेवटी पोरीनंच तोडगा काढला. काठावर उकिडवी बसून तिनं विचारलं, “वस्ताद, तुमची सर्वांत लवकर संपलेली कुस्ती किती वेळाची?”

त्यांचा चेहरा उजळला. खासबागचं मैदान, समोर नावाजलेला मल्ल, सलामी झडली, हातात हात आला न आला तोच आत शिरून ढाक लावली आणि गडी अस्मान बघत पडला. हलगीवाल्याला हलगी वाजवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तिनं पुढचा प्रश्न टाकला, “मग त्यानंतर लगेच दुसरी लढला होता?”

“छ्या! येड लागलंय व्हय? सगळा जीव त्यात घातलेला.”

मग ते पाण्यातच थांबले. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. “म्हंजे ही गुणांची कुस्ती न्हवं. निकाली हाय म्हणा की.”

त्या दिवसापासून माझा खुराक वस्तादांच्या ताब्यात गेला. पोरगी म्हणते, सरावाआधी हलकं खा. वस्ताद म्हणतात, गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध घ्या, उभ्याउभ्या, म्हशीच्या समोर. एकदा त्यांचं ऐकून लगेच पाण्यात उतरलो. पंधरा मीटर कसा गेलो ते आठवत नाही, पण दुधानं परतीचा रस्ता धरला होता हे नक्की. तिखटाबद्दल मी पोरीला काही विचारलेलं नाही. काही गोष्टींत शास्त्राला मध्ये आणू नये.

आता मास्टर्स स्पर्धांचं वेड डोक्यात शिरलंय. तिथं पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे वय भरतं ते धरतात. म्हणजे जानेवारी उजाडला की डिसेंबरात जन्मलेला माणूससुद्धा वर्षभर मोठा होऊन बसतो. ५० ते ५४ च्या गटात मी म्हातारा. पंचावन्न लागलं की पुढच्या गटात तरणाबांड पोरगा. आयुष्यात पहिल्यांदाच मी वय वाढायची अशी वाट बघतोय. बायकोच्या लक्षात आलंच. “केस काळे करायचं थांबवलंत ते यासाठी का?”

परवा वेळ घ्यायची ठरली. वस्ताद म्हणाले, घड्याळ मी धरणार. पोरीनं आपलंही घड्याळ गुपचूप गळ्यात अडकवलं. शिट्टी झाली, मी सूर मारला, डोकं खाली, कोपर वर, श्वास मोजून. पलीकडं वळताना लाथ नीट बसली. परत येऊन भिंतीला हात लावला तेव्हा कानांत नगारे वाजत होते आणि वस्तादांची आरोळी सगळ्या तलावावर घुमत होती, “एकेचाळीस! नाद खुळा!”

पोरीच्या घड्याळात साडेशेहेचाळीस होते. चौकशीअंती कळलं की मी पाण्यातून वर येऊन दोन-चार हात मारल्यावर वस्तादांनी बटण दाबलं होतं. सूर मारलेला काळ त्यांच्या मते पोहण्यात धरायचाच नसतो, तो उडीत जातो. कुस्ती हातात हात आल्यावर चालू होते, लंगोट बांधल्यापासून नाही. यावर पोरीकडं उत्तर नव्हतं. मला तर हे मत एकदम पटलं.

“पुन्हा घेऊ,” मी म्हणालो.

“आता नाही. आधी बसा,” पोरगी म्हणाली.

मी काठावर बसलो. तेवढ्यात नव्यानं येऊ लागलेला एक तरुण टॉवेल खांद्यावर टाकून जवळ आला, माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं आणि म्हणाला, “काका, बरं वाटंना काय? पाणी देऊ?”

उथळ बाजूकडून वस्ताद गरजले, “ए पोरा, लांब हो. सराव चाललाय त्यांचा, दिसंना व्हय?”