न उतरणारा आकडा

माणसाच्या आयुष्यातले बहुतेक आकडे चढतात तसे उतरतातही. साखर उतरते, रक्तदाब उतरतो, मानसरोवर स्थानकाजवळच्या फ्लॅटचा भावसुद्धा कधीमधी दम खातो. संशोधकाचा एच-इंडेक्स मात्र उतरत नाही. जॉर्ज हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 साली हे माप काढलं: ज्याच्या दहा शोधनिबंधांचे प्रत्येकी किमान दहा दाखले दिले गेले, त्याचा इंडेक्स दहा. मग तो संशोधक निवृत्त होवो, प्रयोगशाळेची वाट विसरो, नाहीतर जगाचा निरोप घेवो; आकडा राहिला तर तिथेच राहील, नाहीतर वाढेल. पुनर्जन्म न मानणाऱ्या मंडळींनी मरणोत्तर प्रगतीची एवढी चोख सोय करून ठेवावी, याची मला फार गंमत वाटते.

आमच्या कामोठ्यात एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे असे आकडे बाळगणारी माणसं भाजीच्या गाडीवरही भेटतात. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई जीवरसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्याकडूनच मला कळलं की बढतीच्या अर्जात लेख किती, हे विचारतात. त्या लेखांनी कुणाचं काय भलं केलं, याला रकाना नसतो. आपल्या नव्या लेखात आपल्याच जुन्या लेखाचा दाखला द्यायची मुभा असते म्हणे. पण ते म्हणजे आपल्याच घरच्या सत्यनारायणाला आपणच पाहुणे म्हणून जाणं. प्रसाद मिळतो, पण कुणी आलं होतं असं म्हणता येत नाही. म्हणून कुठल्या तरी दूरच्या देशातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाने आपला लेख वाचून दाखला दिला, की बाई दोन दिवस मेथीचा भाव करत नाहीत.

या मोजणीतला सगळ्यात मोठा विनोद जीवरसायनशास्त्रातच घडला आहे. जगात सर्वाधिक दाखले मिळालेला शोधनिबंध कुठल्या असाध्य रोगावरचा नाही. ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा तो 1951 सालचा लेख सांगतो एवढंच, की द्रावणात प्रथिनं किती आहेत ते निळ्या रंगाच्या गडदपणावरून कसं ओळखावं. 2014 पर्यंत त्याचे तीन लाखांवर दाखले झाले होते. खुद्द लाउरीही त्याला आपलं थोर काम समजत नसत. मोजण्यात रमलेल्या जगाने मापट्यालाच सिंहासनावर बसवावं, हा न्याय मात्र अगदी चोख आहे.

आणि याच शास्त्रातल्या आपल्या कमलाबाई सोहोनी? दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 साली मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, तर हटून बसली आणि वर्षभराच्या पारखीवर आत शिरली. पुढे केंब्रिजला तिने बटाट्याच्या पेशीत श्वसनाला लागणारं सायटोक्रोम सी शोधलं, 1939 साली रॉबिन हिल यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये लिहिलं आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. लग्नाआधीचे लेख भागवत या नावाने, नंतरचे बहुतेक सोहोनी या नावाने. मोजणाऱ्या यंत्राला त्या दोन निरनिराळ्या बायका वाटल्या, तर त्या बिचाऱ्याला लग्नपत्रिका कोण दाखवणार? शिवाय वनस्पतींच्या श्वसनातही सायटोक्रोम असतं, हे आता पाठ्यपुस्तकातलं वाक्य झालं आहे. शोध इतका खोल रुजला की वर नाव उरत नाही आणि दाखलाही कुणी देत नाही. अशा वेळी शून्य हाही एक पुरस्कारच मानावा.

केंब्रिजहून आलेल्या या बाई पुढे आपल्या रोजच्या कडधान्यांकडे वळल्या, हे मला त्या बटाट्याहूनही जवळचं वाटतं. 1955 साली त्यांनी के. एस. अंबे यांच्यासह वालातून एक द्रव्य स्फटिकरूपात वेगळं केलं. प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला ते द्रव्य अडवतं आणि उष्णतेने नरमतं. आता पनवेलच्या आसपास हिवाळ्यात पोपटी लावताना भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा भरून मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात, तेव्हा ट्रिप्सिनचं नाव कुणी काढत नाही. घरात कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून बिरडं शिजवणाऱ्या बायकांनीही काढलं नव्हतं. कोणत्या वालाला किती पाणी, किती आच, हे त्यांना ठाऊक होतं. नियतकालिक तेवढं नव्हतं.

हे सगळं मी शेजारच्या बाईंना सांगितलं. त्या सध्या कडधान्यांवरच काहीतरी लिहीत आहेत. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, पहिला संदर्भ सासूबाईंचाच द्यायला हवा. पण वर्ष काय घालू?”