ईस्टरचे कपडे : वसई रोड ते हिल रोड

ईस्टरला नवे कपडे घालावेत, असे बायबलमध्ये कुठेही लिहिलेले नाही. तरीही वसईतल्या ख्रिस्ती घरात ईस्टर आणि जुना शर्ट हे दोन शब्द एका वाक्यात आणण्याची सोय नाही. प्रथेचे मूळ मात्र जुने आहे. पहिल्या काही शतकांत ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे पांढरी वस्त्रे नेसत आणि पुढचा आठवडाभर तीच अंगावर ठेवत. वस्त्र एक, दिवस आठ, रंग ठरलेला. खर्चाच्या बाजूने पाहिले तर इतकी सोयीची पद्धत नंतरच्या काळात पुन्हा आली नाही.

पुढे इंग्लंडात अशी लोकसमजूत झाली की ईस्टरला अंगावर काहीतरी नवे नसेल, तर कावळ्याच्या जातीचे पक्षी वरून कपडे घाण करतात. (वसईतले कावळे नव्या-जुन्यात भेद करत नाहीत.) लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने १६६२ च्या ईस्टरला आपला जुना काळा सूट ठाकठीक करून घातला आणि हाताखालच्या पोऱ्याच्या जुन्या सुटालाही नवी सजावट करून घेतली, अशी नोंद आहे. पीप्स नौदलाच्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर होता. स्वस्तात ईस्टर उरकता येतो याचा एवढा भक्कम लेखी पुरावा असूनही वसईतले वडील तो मुलांपुढे ठेवत नाहीत, कारण परिणाम त्यांना माहीत असतो.

वसईतले ख्रिस्ती म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी असे अनेक समाज. बोली वेगवेगळ्या, मिस्सा मराठीत. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. कपड्यांच्या बाबतीत मात्र वसई अजूनही वांद्र्याच्याच अखत्यारीत आहे. याला अपवाद घरातल्या आजीचा. कुपारी आजीचे लाल लुगडे कोणत्याही वर्षीच्या फॅशनला जुमानत नाही. आजीचा ईस्टरचा खर्च त्यामुळे शून्य असतो आणि सल्ला भरपूर.

'स्प्रिंग कलेक्शन' हा प्रकारही थंड देशांतून आलेला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईस्टरच्या सकाळी चर्चमधून बाहेर पडणारी श्रीमंत मंडळी नवे पोशाख आणि नव्या टोप्या मिरवत चालत, आणि त्यांना पाहायला गर्दी जमे. तिथे त्याला अर्थ होता. चार-पाच महिने लोकरीत काढलेला माणूस बर्फ वितळल्यावर फिकट गुलाबी, फुलाफुलांचे काही अंगावर चढवतो, ते सुटकेच्या आनंदात. वसईत या सुमारास पांगारा फुलून जातो, कैऱ्या धरतात आणि घामाने पाठीला चिकटलेला शर्ट सोडवत माणसे पंख्याखाली बसतात. इथल्या माणसाला वसंतात एकच कपडा खरा मानवतो, तो म्हणजे बनियन. पण त्यावर चर्चला जाता येत नाही. म्हणून काचेमागच्या पुतळ्याने जे घातले असेल तेच घ्यायचे: जाकीट, नेटचा झगा, तीन थरांचा फ्रॉक.

खरेदी कधी करायची हे चंद्र ठरवतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान तो कुठेही पडू शकतो. हा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे महिन्याचा पगार नव्हता. २०२४ साली ईस्टर आला ३१ मार्चला. महिन्याची अखेर तर होतीच, आर्थिक वर्षाचीही अखेर. घरात लेखापरीक्षण आणि नवा फ्रॉक यांची चर्चा एकाच टेबलावर झाली. २०२५ साली तो २० एप्रिलला गेला, तोवर एक तारखेचा पगार आठवणीतच उरला होता. मात्र त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला होती. दोन सणांत न खपलेला माल अशा वेळी दुकानाबाहेरच्या ढिगात येतो, आणि उशिराच्या ईस्टरचा फायदा असेल तर तो एवढाच. ५ एप्रिलचा ईस्टर, जसा २०२६ साली, हा पगारदारांचा ईस्टर समजावा.

दुसरी अडचण धार्मिक. ही सगळी खरेदी उपवासकाळात करावी लागते. त्या चाळीस दिवसांत अनेक घरांत मटण वर्ज्य, दारू वर्ज्य, लग्ने शक्यतो लावत नाहीत. मोहावर विजय मिळवण्याच्या या काळात कपड्यांसाठी वांद्र्याच्या हिल रोडला जाणे म्हणजे परीक्षेला बसण्यासारखेच आहे, फक्त उत्तीर्ण कोणी होत नाही. गुड फ्रायडेला बाजाराचे नावही काढत नाहीत. शनिवारी शिंप्याकडे खेटे घालायचे असतात. राहता राहिला ईस्टरच्या आदल्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवाराच्या आधीचा शनिवार, आणि हीच गोष्ट सगळ्या वसईला एकाच वेळी सुचते.

तसे पाहिले तर वसई स्टेशनजवळच्या अंबाडी रोडला कपड्यांची काही कमी नाही. पण अंबाडी रोडवरून घेतलेला टॉप चर्चमध्ये निदान चार जणींच्या अंगावर निघतो, अशी मुलींची ठाम समजूत आहे. म्हणून त्या हिल रोडला जातात आणि तिथून तोच टॉप आणतात.

गिरिज, भुईगाव, सांडोरकडून बसने स्टेशन गाठायचे आणि तिथून विरारहून आलेली चर्चगेट फास्ट पकडायची. ती वसई रोडला येते तेव्हा तिच्यात जागा नसते. जागा नसणे हीच तिची ओळख आहे. रविवारी सकाळची मिस्सा आटोपून निघणाऱ्यांना पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक बरेचदा आडवा येतो आणि फास्ट गाडी स्लो मार्गावरून, प्रत्येक फलाटाला नमस्कार करत जाते. कुटुंबाची फाळणी फलाटावरच होते: आई आणि मुलगी लेडीज डब्यात, बाबा आणि मुलगा जनरलमध्ये. ही फाळणी खर्चिक ठरते.

कारण लेडीज डबा हाच पहिला बाजार आहे. नायगाव सोडले, खाडीचा पूल आला, की गर्दीतून वाट काढत कानातल्यांचा पुठ्ठा येतो. तो विक्रेतीच्या हातात फार वेळ राहत नाही. एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर, खिडकीपाशी बसलेल्या बाईपर्यंत जातो, ती एक जोड काढून कानाशी धरते, समोरची अनोळखी बाई मान हलवून नापसंती दाखवते, जोड परत पुठ्ठ्याला लागतो. पैसे त्याच वाटेने उलट येतात आणि सुटे पैसेही कुठे गळत नाहीत. पाठोपाठ क्लिपा, सेफ्टी पिना, लेगिंग, नाइटी. रेल्वेच्या नियमात यातले काही बसत नाही, डब्यात सगळे बसते. बोरिवली जाईपर्यंत 'ड्रेसवर मॅचिंग' म्हणून कानातले घेऊन झालेले असतात. ड्रेस अजून घ्यायचा असतो, त्याचा रंग ठाऊक नसतो, हा मुद्दा त्या डब्यात कोणी काढत नाही. बाबांना ही बातमी वांद्र्याच्या फलाटावर कळते.

हिल रोड कागदोपत्री रामदास नायक मार्ग आहे. हे नाव रिक्षावाल्याला सांगून पाहू नये. स्टेशनच्या पश्चिमेला स्वामी विवेकानंद रस्ता ओलांडला की तो सुरू होतो. दोन्ही बाजूंना काचेची दुकाने, त्यांच्यापुढे पदपथावर हँगरच्या भिंती, त्या दोहोंमधून वाहणारी माणसे. काचेच्या दुकानात जाऊन किंमत पाहायची आणि पदपथावर येऊन खरेदी करायची, हा इथला रिवाज. 'एक्स्पोर्ट सरप्लस' म्हणून लटकणाऱ्या कपड्याची गळ्यामागची पट्टी अर्धी कापलेली असते. ती कापलेली असली की माल अस्सल, असे विक्रेता सांगतो. कापलेली नसेल तर नाव वाचावे. जगप्रसिद्ध नावात एखादे अक्षर जास्तीचे भरलेले आढळते, आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

भावाची घासाघीस हिंदीत होते, माघार मराठीत.

"कितने का?"

"साढे छे सौ, आंटी."

"दो सौ."

"आंटी, दो सौ में तो बटन भी नहीं आएगा."

"चल गं," आई मुलीला म्हणते. हे शब्द खरे पाहता विक्रेत्याला उद्देशून असतात, आणि त्यालाही ते ठाऊक असते. दोघी निघतात. इथे वेग महत्त्वाचा. फार भरभर चालले तर हाक ऐकू येणार नाही, फार रेंगाळले तर लबाडी उघडी पडेल. मागे वळून पाहायचे नाही. मुलगी वळते आणि शंभर रुपयांचे नुकसान करते.

"आंटी! साढे तीन सौ लास्ट. बोहनी का टाइम है!"

घड्याळात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात.

पदपथावर ट्रायल रूम नसते. टॉप पाठीला लावून खांद्याला खांदा जुळवतात, त्याला विक्रेताही मदत करतो. पँटचे शास्त्र वेगळे आहे. बटण लावायचे, पट्टा दोन्ही हातांनी ताणून मुलाच्या मानेभोवती गुंडाळायचा. दोन्ही टोके मागे जेमतेम भेटली तर पँट कमरेला बसते. कंबर मानेच्या साधारण दुप्पट असते, या अंदाजावर हे चालते आणि पुष्कळदा बरोबर येते. "ममी, लोक बघतायत!" असे मुलगा म्हणतो. "गप उभा राहा, मान ताठ कर," असे उत्तर मिळते. जीन्सचे दोन पाय छातीवर लोंबकळत तो हिल रोडच्या मधोमध उभा असताना समोरून चर्चच्या युवा मंडळातली नेमकी एक मुलगी येते. यात योगायोग काही नाही, त्या शनिवारी निम्मी वसई तिथेच असते. तिच्या हातात तिच्या भावासाठी घेतलेली तशीच जीन्स असते. लहान भावंडांना मान लावत नाहीत. त्यांना दोन वर्षे पुढचे माप घेतात आणि खालून दुमड घालतात. ती दुमड पुढच्या ईस्टरला उसवायची, असे ठरते.

कापडाच्या बाबतीत मात्र अनुभवी माणसेही फसतात. पदपथावर सगळेच कापड 'प्युअर कॉटन' असते. खात्री करायची सोपी रीत आहे. एक धागा काढून जाळावा. सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. हिल रोडवर काडेपेटी काढून उभे राहणे प्रशस्त दिसत नाही, म्हणून ही परीक्षा घरी होते आणि ज्ञान तेवढे पदरात पडते.

मग वाचलेल्या पैशांचा हिशेब. तो एल्को मार्केटच्या पाणीपुरीपाशी उभे राहून करायची पद्धत आहे. टॉपवर तीनशे सुटले. त्यातून पाणीपुरी, गाडीतले कानातले आणि कानातल्यांचा रंग न जुळल्यामुळे घेतलेली दुसरी जोडी वजा जाता शिल्लक फारशी उरत नाही. बाबांना अजून काहीच घेतलेले नसते. त्यांना रुमाल घेतात.

आईच्या साडीसाठी दादर वेगळे करावे लागते. वसईच्या वाड्यांतून फुले घेऊन पहाटे दादरच्या फूलबाजारात जाणाऱ्यांचा घरात राबता असेल, तर रानडे रोडवर कुठे काय मिळते याची माहिती आधीच असते. साडी तासाभरात होते. ब्लाउज होत नाही. झावळ्यांच्या रविवारपर्यंत शिंप्याने 'ऑर्डर बंद'ची पाटी लावलेली असते. ती इतरांसाठी असते असे प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटते आणि शिंपीही तसे वाटू देतो. "शनिवारी संध्याकाळी सहाला नक्की," तो म्हणतो. सहाला कापड कापलेले असते. साडेआठला हुक लागतात. फॉल-पिको झाला की नाही हे विचारण्यात अर्थ नसतो, सेफ्टी पिना गाडीत घेतलेल्याच आहेत.

एवढे करून अंगावर चढलेले कपडे शनिवारी रात्री जागरणाच्या विधीला चर्चमध्ये पोहोचतात, आणि तिथे अंधार असतो. विधीच तसा आहे. चर्चचे दिवे मालवलेले, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली छोटी मेणबत्ती पेटत जाते. साडेतीनशेचा टॉप या वेळी साडेतीन हजारांच्या टॉपइतकाच दिसतो, म्हणजे दिसत नाही. पुष्कळ चर्चमध्ये पूर्ण उजेड होतो तो जुन्या करारातली वाचने आटोपून ग्लोरिया सुरू झाल्यावर. घंटा वाजू लागतात, दिवे एकदम लागतात. नजरा वेदीकडेच असतात, पण जाता जाता दोन्ही बाजूंच्या बाकांची पाहणी उरकून घेतात. तोच टॉप आणखी चौघींच्या अंगावर असतो. पॉलिएस्टरच्या कोटातला मुलगा घामाने निथळत असतो आणि पुढच्या रांगेतल्या जीन्सकडे पाहणे टाळत असतो.

मेण सांडायचे ते तोवर सांडलेले असते. त्याला उपाय आहे. मेण कडक झाल्यावर खरवडून काढावे, डागाच्या खाली-वर तपकिरी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी, उरलेले मेण कागद ओढून घेतो. कापड खरोखर सुती असेल तर इस्त्री थोडी गरम चालते. 'प्युअर कॉटन' असेल तर चालत नाही.

ईस्टर सरला की सोमवारपासून लग्नांचा हंगाम सुरू होतो आणि पुढे मे अखेरपर्यंत पत्रिका येत राहतात. ईस्टरचा ड्रेस लग्नालाही होईल, हे कारण बाबांना खरेदीच्या वेळी सांगितलेले असते. तो लग्नाला चालत नाही, कारण चर्चमध्ये तो सगळ्यांनी पाहिलेला असतो.