डीएमए काका

काका पालघरला गाडीत चढतात आणि बोईसरला उतरतात. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. तेवढ्या वेळात शेजारच्याचा कॉम्प्युटर का रखडतो, हे त्याने न विचारता सांगून होतं. खांद्याच्या पिशवीत डबा, डब्याखाली खोडरबर, आणि खोडरबराखाली जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली ऐंशी तारांची रिबन केबल. खरं नाव फक्त चेकवर. तारापूर एमआयडीसीत विचाराल तर ‘डीएमए काका’.

बंद पडलेल्या सर्व्हरमध्ये काकांना रस नाही. ‘मेला तो सुटला,’ म्हणतात. त्यांना हवा असतो चालणारा पण कुंथणारा सर्व्हर. त्याच्या डब्याला ते कान लावतात, मग नाक. समुद्राची खारट हवा आणि रासायनिक कारखान्यांचा वास एकत्र आला की तांब्याचे पाय काळे पडतात. त्यावर खोडरबर फिरवल्याशिवाय काका कीबोर्डला हात लावत नाहीत.

२००५ सालचा प्रसंग माझ्यासमोरचा. एका कारखान्यात लिनक्सचा सर्व्हर होता. संध्याकाळी डिस्पॅचची चलनं निघायची, आणि एक चलन निघेपर्यंत ट्रकवाला चहा पिऊन यायचा. अकाउंट्सच्या बाई म्हणाल्या, व्हायरस. शेठ म्हणाले, नवीन मशीन घ्यावं लागणार. काकांनी डिस्कचा वेग मोजणारा एचडीपार्म चालवला. तीन वेळा, कारण एका मोजणीवर त्यांचा विश्वास नसतो. आकडा आला सेकंदाला साडेतीन एमबी.

“शेठ, तुमच्या गोडाऊनमधली पोती कोण उचलतं?”

“हमाल.”

“इथे तुम्ही स्वतः उचलताय. एकेक पोतं. याला पीआयओ म्हणतात. प्रोसेसर म्हणजे मालक, त्याने फक्त सांगायचं, माल डिस्कवरून थेट मेमरीत उतरला पाहिजे. तो डीएमए.”

शेठ स्वतः प्रत्येक गेटपासवर सही करतात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. कोणी हसलं नाही.

मग काकांनी डीएमए चालू करायचा हुकूम दिला. उत्तर आलं: ऑपरेशन नॉट परमिटेड. रूट म्हणून बसलेले काका लाल झाले. “सरपंच मी, आणि तलाठी म्हणतो परवानगी नाही!” त्यांनी मशीन सुरू होतानाच्या नोंदी, म्हणजे डीमेसेज, उघडला. तो ते बोट ठेवून, ओठ हलवत, पोथीसारखा वाचतात. मध्ये कोणी बोललं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. अर्ध्या तासाने बोट थांबलं.

“रुमाल टाकलाय!”

डहाणू–विरार शटलने रोज जाणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बोर्डवरची चिप इंटेलची. तिचा हक्काचा ड्रायव्हर पीआयआयएक्स. पण मशीन सुरू होताना जेनेरिक ड्रायव्हर आधी चढला आणि डिस्कच्या जागेवर रुमाल टाकून बसला. हक्काचा आला तो दारात लोंबकळत राहिला. जेनेरिक म्हणजे बदलीचा ड्रायव्हर. एसटी कुठलीही चालवेल, पण घाट असो की सपाटी, दुसऱ्या गिअरमध्ये.

उपाय सोपा होता. सुरुवातीला चढणाऱ्यांचा क्रम बदलायचा आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. क्रम बदलून झाला. पुन्हा सुरू करायला शेठ तयार होईनात. डिस्पॅच चालू होता. काका हात बांधून बसले. परवानगी अखेर वीज मंडळानेच दिली. भारनियमनाचे दिवस, यूपीएसच्या बॅटरीने आधीच मान टाकलेली. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ पासून हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही मेणबत्ती शोधत होतो.

वीज आली. आकडा सत्तावीसवर गेला. शेठ खूश, बाई खूश, ट्रकवाला तर उभा राहूनच बघत होता. काका मात्र पडलेल्या तोंडाने सर्व्हरचा डबा उघडत होते. सत्तावीस? म्हणजे कोणीतरी तेहतीसच्या मर्यादेत अडकवलंय. मशीन बंद करून त्यांनी आतली रिबन केबल ओढून काढली आणि चष्मा कपाळावर चढवून सुईच्या टोकाने तारा मोजू लागले. चाळीस! टोकं दोन्ही प्रकारांची सारखीच, चाळीस पिनांची. पण ऐंशीवालीत प्रत्येक तारेशेजारी अर्थची तार असते, म्हणून वेग वाढला तरी एकीचं बोलणं दुसरीला ऐकू जात नाही. लुगड्याचा तुकडा सुटला. पंचावन्न.

हे सगळं करताना काकांबरोबर एक शिकाऊ मुलगा होता. काका त्याला कीबोर्ड देत नाहीत. दिलाच तर एकेक अक्षर सांगतात. “एच. लहान एच. आता डी.” एन्टर स्वतः मारतात. एकदा मुलाने विचारलं, “काका, तुमचा डीएमए कधी चालू होणार?” त्यानंतर दोन आठवडे तो फक्त टॉर्च धरायला होता.

एचडीपार्म लिहिणाऱ्या कॅनडाच्या मार्क लॉर्डबद्दल काका चुलतभावासारखं बोलतात. “मार्कने लिहूनच ठेवलंय, काही पर्याय डेंजरस आहेत!” स्वतः मात्र त्यातला एक त्यांनी दोनदा वापरलाय. दुसऱ्या वेळेचं ते सांगत नाहीत.

पुढे हार्डडिस्कचं एचडीए नाव जाऊन एसडीए आलं आणि काकांचा काळ फिरला. नव्या मशीनवर त्यांनी सवयीने डीएमएचा हुकूम दिला, तर पडद्यावर आलं: इनअप्रोप्रिएट आयॉक्टल फॉर डिव्हाइस. “इनअप्रोप्रिएट? मला?” डीएमए आता आपोआपच चालू असतो, हे त्यांना पटवायला वर्ष गेलं. २०२१ मध्ये लिनक्स ५.१४ मधून एचडीएवाल्या डिस्कांचा जुना आयडीई ड्रायव्हर कायमचा काढला, तेव्हा त्यांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही, असं काकू सांगतात.

केबल अजून पिशवीत आहे. परवा पालघरला एका पोराने खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकला. काका दारातच थबकले, त्याच्याकडे बघून “जेनेरिक!” म्हणाले, आणि बोईसरपर्यंत उभेच राहिले.