चौकातली मालमत्ता

कोरलड्रॉमध्ये सिम्बॉलची सोय आहे. फुलांचा हार एकदा सिम्बॉल करून ठेवला की मूळ हार बदलताच फाइलमधले सगळे हार बदलतात. त्याची लायब्ररी करून चार जणांना देताही येते. पण फ्लेक्सच्या दुकानात लायब्ररी म्हणजे डेस्कटॉप. तिथे ‘न्यू फोल्डर (७)’मध्ये सिंह, मोरपीस, फेटा आणि हात जोडलेले भाऊ गुण्यागोविंदाने नांदतात. भाऊंचा कटआउट तर फार जुना. भाऊंनी पक्ष बदलला तरी तो बदलत नाही, फक्त मागचा रंग बदलतो. (केस मात्र दरवर्षी थोडे काळे होत जातात.)

देवाणघेवाण पेन ड्राइव्हवर, व्हायरससकट. समोरच्याकडे आपला फॉन्ट नसेल म्हणून मजकुराचे आधीच कर्व्ह्ज करून पाठवायचे, हा धंद्याचा शिष्टाचार. कर्व्ह्ज झालं की अक्षरांचं चित्र होतं, मग टाइप करून दुरुस्ती नाही. त्यामुळे कुणा अज्ञात कारागिराने दिलेली ‘हार्दीक शुभेच्छा’तली दुसरी वेलांटी तालुकाभर फिरते आहे. परवा ती मराठी भाषा गौरव दिनाच्या फ्लेक्सवर दिसली, बारा बाय आठ फुटांत.