चुकीला माप असावं
मेहुण्यांनी कोल्हापुरी चपलांचं ऑनलाइन दुकान काढलं. नेटवर शोधायच्या बरोबर शब्दावर गर्दी फार, जाहिरातीची बोलीही महाग. चुकीच्या शब्दावर स्वस्तात जागा मिळते, हे त्यांना आठवड्यात उमगलं. आता मालाचं नाव असं: ‘कोलापुरी कोल्लापूरी चपल चप्ल लग्न हळद जिम वॉटरप्रूफ पप्पांना गिफ्ट’. (चामडं भिजल्यावर काय होतं, ते गिऱ्हाईक पावसाळ्यात शोधेलच, तोही शब्द त्यांनी घेऊन ठेवलाय.) या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ‘मानांकन’ कोणी शोधत नाही, म्हणून तो उल्लेख काढला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. शुद्धलेखनात सातत्याने नापास होणारा भाचा आता या चुकीच्या शब्दांच्या खात्याचा प्रमुख आहे. परवा त्याच्या हातून ‘कोल्हापुरी’ बरोबर लिहिलं गेलं. मेमो मिळाला.